तीन खेळ आणि एक पिशवी

(परळ येथे महिला गटाच्या मासिक बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय सांगितला तेव्हा मागच्या ओळीत काहीजणी हसल्या. ट्रायथलॉनला जाताना पिशवीत काय भरावं, हा काय बायकांच्या गटात बोलायचा विषय? पोटगी, मारहाण, रेशन, घरावरचा हक्क हे सगळं समोर पडलेलं असताना? पण आपल्यातल्या चारपाचजणींनी पोहणं आणि सायकल सुरू केली आहे, आणि त्या माझ्याकडे येतात तेव्हा विचारतात, हेल्मेट कुठलं घेऊ. बोलता बोलता मात्र निघतं ते सासूचं, कपडे वाळत घालायच्या दोरीचं, पाळीचं आणि पैशांचं. म्हणून म्हटलं, पिशवीतली एकेक वस्तू बाहेर काढतच बोलू या.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आधी पोहायचं, पोहणं संपलं की ओल्या अंगानंच सायकलवर बसायचं, सायकल ठेवली की लगेच धावायचं. मधे घड्याळ थांबत नाही. ऑलिंपिकचं अंतर १५०० मीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणं. नवशिक्यांनी याच्या निम्म्यापासून सुरुवात करावी, त्याला स्प्रिंट म्हणतात. गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ साली आयर्नमॅन ७०.३ ही स्पर्धा पहिल्यांदा झाली, तिचं अंतर १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल आणि २१.१ धावणं. आपल्या हिशेबात सांगायचं तर गिरगाव चौपाटी ते नरिमन पॉइंट साधारण साडेतीन किलोमीटर. ४० किलोमीटर सायकल म्हणजे मरीन ड्राइव्हच्या जाऊन-येऊन जवळजवळ सहा फेऱ्या, आणि मग पायी दीड फेरी.

खेळ तसा नवा आहे. १९७८ साली हवाई बेटांवर पहिली आयर्नमॅन झाली तेव्हा उतरलेले सगळे पुरुष होते. दुसऱ्याच वर्षी लिन लेमेर ही अमेरिकन बाई त्यांच्यात एकटी उतरली आणि तिनं ती स्पर्धा पूर्ण केली. नाव मात्र आयर्नमॅनच राहिलं. आजही शेवटची रेषा ओलांडणाऱ्या बाईला ध्वनिक्षेपकावरून 'तू आयर्नमॅन आहेस' असंच सांगतात. असो. ट्रायथलॉन ऑलिंपिकमध्ये २००० साली सिडनीला आलं, आणि पहिल्या दिवसापासून बायका आणि पुरुष यांचं अंतर एकच. ही गोष्ट लहान समजू नका. बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये यायला १९८४ साल उजाडलं. तलावातल्या फ्रीस्टाइल शर्यतींत तर बायकांना ८०० मीटरच्या पुढे जाऊच दिलं नव्हतं. त्यांची १५०० मीटरची शर्यत पहिल्यांदा झाली ती २०२१ मध्ये टोकियोत. म्हणजे सिडनीपासून ट्रायथलॉनमधली बाई उघड्या पाण्यात तेवढंच पोहून वर सायकल चालवून धावत होती, आणि तलावातल्या तिच्या बहिणीला ते झेपणार नाही असं ठरवलेलं होतं. आपल्याकडे २०२५ च्या उत्तराखंडमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत बायकांच्या ट्रायथलॉनचं सुवर्ण आणि रौप्य महाराष्ट्राच्या डॉली पाटील आणि मानसी मोहिते यांनी घेतलं.

आता पिशवीकडे येते. या खेळात एक जागा असते, तिला ट्रान्झिशन म्हणतात. तिथे आपली सायकल अडकवलेली असते आणि शेजारी एक टॉवेल पसरण्याएवढी जागा. तेवढ्यातच एका खेळाचं सामान उतरवून दुसऱ्याचं चढवायचं. नियम असा की बाहेरच्या कुणाचीही मदत घ्यायची नाही. नवरा, मुलगा, बहीण, कुणीही कठड्यापलीकडून मोजासुद्धा द्यायचा नाही. हे ऐकून पहिल्यांदा धडकी भरते. पण दुसरी बाजू पाहा. तेवढे तास तुम्हीही कुणाला काही द्यायचं नाही. डबा भरला का, माझा रुमाल कुठाय, गॅस सिलिंडरवाल्याला काय सांगू, कुणी विचारू शकत नाही. फोन वापरायलाही बंदी असते! लग्न झाल्यापासून इतका वेळ हाक न ऐकलेली बाई आपल्या वस्तीत मला दाखवा.

पिशवी भरायला बाईला शिकवावं लागत नाही. गणपतीला कोकणात जाताना सहा माणसांचं सामान, नैवेद्याचं, औषधाचं, पोराच्या उलटीच्या पिशवीपर्यंत सगळं कोण भरतं? पण त्या सामानात तिचं स्वतःचं काय असतं, तर दोन साड्या आणि डोकेदुखीची गोळी. इथे अख्खी पिशवी एकटीची आहे, आणि तिथेच हात अडतो. एक मैत्रीण स्पर्धेच्या आदल्या रात्री घरच्यांची दोन वेळची भाजी करून ठेवण्यात अकरापर्यंत उभी होती. मग पिशवी भरली ती झोपेत. म्हणून पहिला नियम माझा असा, की सामान दोन दिवस आधी मांडायचं. जमिनीवर चादर पसरा आणि अंगावर चढेल त्या क्रमानं वस्तू ठेवा. पोहण्याचं, सायकलचं, धावण्याचं, नंतरचं. जे आधी लागणार ते पिशवीत सगळ्यात वर. चादरीवर मांडलेलं घरातल्या सगळ्यांना दिसतं, तेही बरंच आहे.

पहिली वस्तू पोहण्याचा पोशाख. यावर सगळ्यात जास्त बोललं जातं, आणि तेही पोहणारी सोडून इतरांकडून. जागतिक संघटनेचा नियम असा, की जिथे वेटसूट चालत नाही तिथे पोहताना कोपराखाली हात आणि गुडघ्याखाली पाय झाकायचे नाहीत. आपला समुद्र कोमट, त्यामुळे वेटसूट आपल्याला विसरायचाच. म्हणजे घर म्हणतं झाक आणि नियम म्हणतो उघड, आणि दोघांनीही बाईला विचारलेलं नाही. गुडघ्यापर्यंत पाय आणि कोपरापर्यंत बाह्या असलेला पोशाख नियमात बसतो, बहुतेकींना त्यात मोकळं वाटतं. ज्यांना अंगभरच हवा, मग तो श्रद्धेमुळे असो, भाजल्याच्या व्रणांमुळे असो की नुसत्या मर्जीनं, त्यांनी नाव नोंदवतानाच आयोजकांना लेखी विचारावं आणि उत्तरही लेखी घ्यावं. किनाऱ्यावर उभं राहून वाद घालण्यात पोहायची ताकद जाते. ट्रायसूट नावाचा एकच पोशाख तिन्ही खेळांना चालतो. ट्रान्झिशनमध्ये उघड्यावर कपडे उतरवायला नियमानेच बंदी आहे, आणि आडोशाचा तंबू प्रत्येक छोट्या स्पर्धेत असेलच असं नाही. तंबू आहे का, हे विचारणं लाजेचं नाही. दहाजणींनी विचारलं तर पुढच्या वर्षी लागतो.

आता दोरीचं. लालबागच्या चाळीत राहणाऱ्या एकीनं मला विचारलं, कॉस्च्यूम वाळत कुठे घालू? गॅलरीतल्या दोरीवर अख्ख्या मजल्याचे डोळे. आपण सगळ्यांनी आतले कपडे परकराखाली वाळवले आहेत, पाळीच्या घड्या तर मोरीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. त्याचं काय होतं हे आपल्या आरोग्य शिबिरांत किती वेळा बोललो आहोत. ओलसर कपडा पुन्हा अंगावर गेला की खाज आणि बुरशी. कॉस्च्यूमचंही तेच. तलावातून आल्यावर साध्या पाण्यातून काढायचा, पिळायचा नाही, दाबून पाणी काढायचं आणि सावलीत पण वाऱ्यावर उघडा वाळवायचा, नाहीतर क्लोरीननं त्याचं लवचीक अंग जातं. तिनं काय केलं, तर तो दोरीवर उघडा घातला. आठ दिवस कुजबुज झाली. मग समोरच्या खोलीतल्या मुलीनं येऊन विचारलं, मावशी, क्लास कुठे आहे? टॉवरमध्ये गेलेल्यांनी हसू नये, तिथे बाहेर काहीच वाळत घालायचं नाही असा सोसायटीचा नियम असतो.

क्लासचं निघालंच आहे म्हणून सांगते. दादरला शिवाजी पार्कजवळ महापालिकेचा महात्मा गांधी तलाव आहे. अशा ठिकाणी बायकांची राखीव वेळ असते का, ती किती वाजता असते, हे आपण गटानं जाऊन पाहावं. राखीव वेळ भर दुपारी, कामाच्या वेळेत पडली तर ती राखीव कुणासाठी? तलावात कितीही पोहलात तरी समुद्राचा सराव वेगळा लागतो. तो एकटीनं करू नका आणि पावसाळ्यात तर नकोच. २०१३ च्या गणेशविसर्जनात गिरगाव चौपाटीवर पाकट माशांनी कितीतरी लोकांना दंश केले होते.

पोहण्याचे चष्मे दोन घ्या, एक ऐन वेळी तुटतो. टोपी बहुतेक वेळा आयोजक देतात, पण आपली सवयीची खाली घाला. केसांचा अंबाडा चालत नाही, कारण वर हेल्मेट बसायचं आहे. मानेशी खाली एकच घट्ट वेणी. मानेला, काखेत, मांड्यांच्या आतून पेट्रोलियम जेली लावा. खारं पाणी आणि शिवण मिळून कातडी सोलतात.

आणि मंगळसूत्र. हे कुठल्याही इंग्रजी पुस्तकातल्या यादीत सापडणार नाही. पोत हेल्मेटच्या पट्ट्यात अडकते, खाऱ्या पाण्यानं गळा कापते, गर्दीत पोहताना दुसऱ्या बाईच्या हातात येते. बांगड्यांचं तसंच, फुटली तर मनगटात जाते. काढून ठेवा, आणि घरी ठेवा. किनाऱ्यावरच्या पिशवीत सोनं ठेवून पोहायला गेलेल्या बाईचं लक्ष पाण्यात नसतं. कुणी विचारलंच की गळा मोकळा का, तर घोट्याला वेळ मोजायची पट्टी बांधतात ती दाखवा.

सायकल ही या यादीतली सगळ्यात महाग वस्तू, म्हणून आधी सांगते की पहिल्या स्पर्धेला महागाची लागत नाही. ब्रेक चांगले हवेत आणि हँडलच्या दोन्ही टोकांना बुचं हवीत, ती नसतील तर तपासणीत अडवतात. लेडीज सायकलच पाहिजे असंही नाही. तामिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेत हजारो बायका सायकल शिकल्या. लेडीज सायकली अपुऱ्या पडल्या म्हणून त्यांनी दांडीच्या घेतल्या, आणि पुढे दांडीवर पोर बसवता येतं म्हणून त्याच पसंत केल्या. महत्त्वाचं आहे ते माप. पायडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला हवा. सीट मात्र बाईच्या बसण्याच्या हाडांच्या रुंदीची हवी, कारण बऱ्याच सीटी पुरुषाच्या अंगावरून घडवलेल्या असतात. खाली मुंग्या येत असतील, बधिर होत असेल तर ते सहन करायचं दुखणं नाही, सीट बदलायची. गादीची चड्डी मिळते, तिच्या आत दुसरी चड्डी घालायची नाही. हे दुकानात कुणी सांगत नाही म्हणून इथे मोठ्यानं सांगते.

हेल्मेटचा नियम पाठ करा. सायकलला हात लावण्याआधी हेल्मेटचा पट्टा बंद, आणि सायकल जागेवर ठेवल्यावरच पट्टा उघडायचा. उलटं झालं तर दंड. घरी खोलीतल्या खोलीत दहा वेळा करून पाहा. पंक्चरचं सामान, म्हणजे जादा ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या आणि छोटा पंप, सीटखालच्या पिशवीत. आणि ट्यूब स्वतः बदलायला शिका. काळबादेवीला सायकलींची दुकानं आहेत, तिथे एखादा मेकॅनिक उभं राहून पाहू देतो, एखादा म्हणतो ताई तुम्हाला नाही जमणार. पहिल्याकडे जा.

सराव कुठे करायचा, हा खरा प्रश्न आहे. वांद्रे-वरळी सी लिंकवर सायकलला बंदी, २०२४ साली सुरू झालेल्या किनारी रस्त्याच्या मुख्य मार्गावरही बंदी. मग उरतो पहाटेचा मरीन ड्राइव्ह. लालबागहून पहाटे पाचच्या अंधारात बाईनं सायकल काढायची म्हणजे घरी आधी उत्तरं द्यायची, मग रस्त्यावर. तिघी-चौघींनी मिळून जावं, पुढे-मागे दिवे लावावेत. पिशवीच्या यादीत दिवे नसतात, कारण स्पर्धा दिवसा असते. पण बाईच्या यादीत ते पहिले येतात.

धावण्याचं सामान थोडं. सवयीचे बूट, नवे कधीच नाहीत. मोज्यांत थोडी पावडर टाकून गुंडाळून ठेवा म्हणजे ओल्या पायात चढतात. नंबर कमरेच्या लवचीक पट्ट्यावर लावा, सायकलवर पाठीमागे आणि धावताना पुढे फिरवायचा. उन्हाची टोपी. आणि खेळाची ब्रा, तिच्यावर पैसे वाचवू नका. तिचा इतिहास गमतीचा आहे. १९७७ साली अमेरिकेत लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर यांनी पुरुष खेळाडूंचे दोन लंगोटवजा पट्टे एकमेकांना शिवून पहिली ब्रा बनवली. बाजारात बायकांसाठी काही नव्हतंच. दुकानात घालून जागच्या जागी उड्या मारून पाहा. विकणारा बघतो तर बघू दे.

पाळी स्पर्धेची तारीख विचारून येत नाही. पोहताना पॅड कामाचं नाही, टॅम्पॉन किंवा सिलिकॉनचा कप लागतो. कप जमायला दोन-तीन पाळ्या जातात, तेव्हा स्पर्धेच्या दिवशी पहिला प्रयोग नको. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आपल्या घरांना नव्या नाहीत, गणपतीत, सत्यनारायणाला किती घरांत त्या आणल्या जातात. तेव्हा डॉक्टरांना कुणी विचारत नाही. पोरीनं स्पर्धेसाठी विचारलं की मात्र घरच्यांना तिच्या तब्येतीची काळजी लागते. माझं मत, डॉक्टरांशी बोलल्याशिवाय देवासाठीही नको आणि खेळासाठीही नको. एक जादा काळी चड्डी आणि दोन पॅड धावण्याच्या सामानात ठेवा.

तसंच लघवीचं. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी'ची मोहीम चालली, सार्वजनिक मुतारी बायकांनाही फुकट आणि स्वच्छ मिळावी म्हणून. बाहेर जायचं तर पाणीच प्यायचं नाही, ही आपली जुनी सवय. ट्रायथलॉनमध्ये ती सवय चक्कर आणते. पाणी प्या, आणि सकाळी ट्रान्झिशनमध्ये गेल्यावर सगळ्यात आधी बायकांची सोय कुठे आहे ते बघून ठेवा. पिशवीत कागद आणि साबणाची वडी.

खाण्याला परदेशी पाकिटं लागत नाहीत. केळं, खजूर, राजगिऱ्याची चिक्की, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. लालबागला चिवडा गल्लीतून जाताना मोह होईल, पण तेलकट आणि तिखट स्पर्धा संपल्यावर. सरावात जे पचलं तेच त्या दिवशी खायचं.

गोव्याला जायचं तर कोकणकन्या किंवा मांडवी. सायकल खोक्यात घालून पार्सल म्हणून द्यायची, त्यासाठी आधी स्टेशनवर चौकशी करून ठेवा. हँडल वळवायचं, टायरमधली हवा कमी करायची, पायडलं काढायची. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, नेहमीच्या दिशेनं फिरवलंत तर आणखी घट्ट बसेल. पान्हा आणि ॲलन की खोक्यातच चिकटवा. पोशाख, चष्मा, हेल्मेट आणि बूट मात्र हातातल्या पिशवीत, त्यांना नजरेआड करू नका.

शेवटचं पैशांचं. हे सगळं एकटीनं विकत घ्यायचं तर घरकाम करणारी, मसाले कुटून विकणारी बाई या खेळात कधीच येणार नाही, आणि मग हा टॉवरमधल्या बायकांचाच खेळ राहील. मोठ्या स्पर्धेचं नुसतं प्रवेशशुल्कच हजारोंत जातं. म्हणून माझी सूचना आहे की गटानं एक पेटी करावी. पोशाख, चड्डी, कप ही ज्याची त्याची वस्तू. पण हेल्मेट, पंप, पान्हे, सायकलीचे दिवे, नंबरचे पट्टे, सायकलचं खोकं आणि दोन साध्या सायकली हे सामाईक असू शकतं. बचत गटातून त्यासाठी किती काढायचे, ते आज ठरवू. वही कुणी ठेवायची तेही. ज्यांच्या घरी मुलाचं किंवा नवऱ्याचं वापरात नसलेलं हेल्मेट आहे त्यांनी पुढच्या बैठकीला आणावं, फक्त ते कधी आपटलेलं, तडा गेलेलं नसावं. तसं असेल तर ते फेकून द्या, पेटीत टाकू नका. ट्यूब बदलायचं प्रात्यक्षिक पुढच्या रविवारी इथेच, खाली अंगणात. जुनी साडी किंवा गाऊन घालून या, हात काळे होतात.